सिपोराआजीच्या सणाले गेलो आम्ही

ऐका, आधी कोनी मधात बोलायचं नाई. छकुले, तू तं बिलकूल नाई, तू बोलली का माहं अर्धं पोटातच राह्यते. तुमी दोघं इचारून राह्यले होते ना, समीक्षा चर्चले काऊन जात नाई, अन् स्टेशनामागच्या गल्लीतून न जाता इतक्या लांबून वळसा काऊन घेते? दोन्हीचं उत्तर एकच हाय. मी एका बाईले शब्द देला होता, अन् तो माह्याच तोंडानं मोडला.

राम, त्याच गल्लीतल्या सिपोराआजीले तू पायलं असशीन. उंच, गोरी, चष्म्याले दोरी बांधेल, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, तेच. सिपोरा अष्टमकर. तिचा नवरा रेल्वेत गार्ड होता, कोकनाकडचा, बदली होऊन शेगावले आला अन् मंग अथीच राह्यला. वारला तवा त्याले ठान्याले नेलं, कारन त्यायचं कबरस्तान तथी हाय. त्याच्या बाजूची जागा आजीसाठी राखून ठेवेल हाय. पोरगा इस्राएलात असते. आजी यहुदी हाय बे. अख्ख्या शेगावात एकटीच.

पन गल्लीले काय माहीत यहुदी म्हंजे काय असते! कोनी म्हने पारशीन हाय, कोनी म्हने बामनीन हाय पन मटन खाते, अंडेवाला चाचा तिले ईदेच्या दिवशी मुबारक म्हने. अन् शनिवारचं तं आयकाच. आजी शनिवारी मशीनले हात लावत नाई, गॅस पेटवत नाई, सगळं शुक्रवारीच करून ठेवते. तं समोरची रुखमाबाई, फुटान्याच्या दुकानवाली, तिनं परस्पर ठरवून टाकलं, का ह्या बाईले मारोतीचा शनिवार हाय. अन् लय कडक हाय. शनिवारी कोनी ब्लाउज घेऊन आलं का रुखमाबाई आपल्या ओट्यावरूनच वरडे, "ओ ताई, उद्या या! आज तिचा शनिवार हाय, आवाज नका देऊ!" एक डाव तं तिनं मीटर पाह्यले आलेल्या मानसाले हाकलून देलं. मी आजीले म्हनलं, आजी, तुमी खरं काय ते सांगत काऊन नाई तिले? आजी सुईत दोरा ओवत म्हने, "कशाला सांगू? पन्नास वर्षं त्या मारुतीनं माझा शब्बाथ सांभाळलाय. आता त्याला नाही म्हणू होय?"

मी सेकंड इयरले असतानी ब्लाउज शिकाले तिच्याकडं जाऊ लागली. ब्लाउज काई आला नाई मले, बाही अजून उलटीच लागते, पन जाणं सुटलं नाई. कॉलेज सुटलं का तथीच. ती मले "काय गं पोरी, आलीस उंडारून?" म्हने अन् चहा ठेवे.

आता आमच्या चर्चचं सांगते. आमचे राजकुमार पास्टर दोन सालाआधी पवित्र भूमीच्या, म्हंजे इस्राएलच्या, टूरवर गेले अन् वापस आले ते दुसरेच मानूस होऊन आले. मेंढ्याचं हे येवढं शिंग आनलं. उपासनेच्या आधी ते फुकायचं. निळ्या पट्ट्यायची शाल आनली. भिंतीवर तिकडचा झेंडा लावला. अन् दर रैवारी एकच संदेश, का आपलं मूळ यहुदी हाय. येशू यहुदी, मरिया यहुदी, बाराच्या बारा शिष्य यहुदी, आपन त्यायच्या झाडावरची कलम हाओत. अर्धी मंडळी संत्र्याच्या बागावाली, तं पास्टरनं उदाहरनबी तेच देलं. "प्रियांनो, संत्रं तुम्ही गोड खाता, पण मूळ कोणाचं आहे? जंबेरीचं, त्या आंबट रानलिंबाचं! जंबेरी नसती तर तुमची बाग उभी राहिली असती का?" सगळे माना हालवून राह्यले.

खरं सांगू का, मले लय आवडलं होतं ते. खोटं काय होतं त्याच्यात? लहानपनापासून आमाले चर्चच्या नाटकात यहुदी म्हंजे दाढी लावेल, वरडनारा, वाईट मानूसच दाखवेल. अन् आता पास्टरच म्हनत होते, ते आपले वडील हाओत. मी धावतच आजीकडं गेली. म्हनलं, आजी, आजी, आमचं मूळ तुमी हाओ! आजीनं चष्म्यावरून पायलं. "असं होय? मग कधी पाणी घातलंत मुळाला?"

मी हासली. गावाकडं पप्पाचीबी संत्र्याची बाग हाय; त्यायले फोनवर सांगतलं, तं पप्पा म्हने, "पोरी, पास्टरनं बाग लावली नाई कधी. कलम जगवाचं असीन तं जंबेरीचा सोताचा फुटवा आमी ठेवत नाई. खालून फुटला का खुडतो. नाई तं संत्रा जात नाई का?" तवाबी मी हासलीच.

तं या वर्षी एप्रिल आला. आजीचा मोठा सण एप्रिलात येते. आमी त्याले वल्हांडण म्हन्तो, मिसर देशातल्या गुलामीतून ते लोक सुटले त्याची आठवन. पन आजी त्याले अनाशी ढाकाचा सण म्हन्ते. अनास म्हंजे आंबट चटनीचं मडकं. या सणाले आठ दिवस आंबलेलं, फुगलेलं, खमिराचं काई घरात चालत नाई, म्हून जुन्या बायायनं ते मडकंच झाकून ठेवलं, अन् नाव तेच पडलं. कसं भारी हाय ना? आपल्याच मराठीत.

अन् त्या सणाची एक रीत हाय. संध्याकाळी सगळे ताटावर बसले का घरातल्या सगळ्यात लहान पोरानं इचाराव लागते, आजचा दिवस बाकीच्या दिवसायपेक्षा वेगळा काऊन? मंग मोठ्यायनं पुस्तकातून सगळी गोष्ट सांगायची. कोनी इचारल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाई. आजीपाशी तिच्या आजोबाचं पुस्तक हाय, एका बाजूनं त्यायची भाषा, एका बाजूनं मराठी. या वर्षी पोरगा येनार होता, पन तिकडं लढाई, विमानं बंद. आजी डबे पुसता पुसता म्हने, "हे गेल्यापासून अकरा वर्षं मीच विचारते आणि मीच उत्तर देते. वेड्या बाईसारखं वाटतं गं."

मी म्हनलं, मी इचारते ना! मी हाओ ना लहान!

आजी थांबली. डबा खाली ठेवला. म्हने, "ये. पण एक ऐक. त्या दिवशी माझ्या घरात येशूचं नाव नाही काढायचं. राग नाही मला त्याचा. आमच्याच घरातला मुलगा तो. पण त्याच्या नावानं आमच्या लोकांना फार मारलंय. माझ्या घरातला तेवढा एक दिवस मला माझा ठेवू दे. देशील शब्द?"

मी देला. हातात हात देऊन देला.

आठ दिवस आमी ते घर घासलं. रव्याचा कन नाई राहू देला. मशीनच्या ड्रॉवरमधून बिस्किटाचा चुरा मी जुन्या ब्रशनं काढला. बाहेर बेचाळीसचं ऊन, आत आमी दोघी घामानं चिप. रुखमाबाई ओट्यावरून म्हने, "काय वं, लगन हाय का घरात?"

आता माही अक्कल पाहा. एवढं मोठं माह्या पोटात राह्यते का? युथच्या मीटिंगमधी सांगून टाकलं. पुष्पांजलीताई, आमच्या युथची लीडर, ती तं नाचाचीच बाकी राह्यली. पास्टरले सांगतलं. पास्टर म्हने, "हे दार प्रभूनं उघडलंय. आपण चार-सहा जणं जाऊ, मागे बसू, पाहू, शिकू." मी तीन गोष्टी सांगतल्या त्यायले. नाव काढायचं नाई. सण हाय म्हून फोन काढायचा नाई. पाव-बिस्किट काई आनायचं नाई. पास्टरनं माह्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, आपण आदर करायला चाललोय."

आजीले इचारलं, तं तिनं बोटावर मोजलं. मंग हळूच म्हने, "आठ ताटं होतील ना?" अन् मी पायलं, ती खुश झाली होती. इतक्या वर्षानं घरात आठ ताटं. तिनं कपाटातून नवऱ्याच्या येळचं पांढरं कापड काढलं अन् इस्त्री केली.

सहा जन यायचे ठरले होते. आले एकवीस.

सातची येळ. आजीनं दिवे लावले होते. पांढऱ्या कापडावर बिनखमिराच्या तीन रोट्या, खजूर आटवून केलेला शिरा, रव्याचा नाई, मिठाचं पानी, मनुकायचा शरबत. कडू भाजी पायजे असते, तं अथी तिच्यावाला पाला भेटत नाई, म्हून कारलं. आमचे लोक आले ते पायऱ्यायवरूनच "शालोम! शालोम!" करत. पास्टरच्या अंगावर ती शाल, हातात शिंग. अन् पुष्पांजलीताईच्या हातात मोठा खोका. तिनं तो नेऊन ठेवला नेमका त्या रोट्यायच्या बाजूले, अन् उघडला.

केक.

निळ्या क्रीमनं लिहेल, 'शालोम आजी'. वर मेणबत्ती.

हासू नको राम. त्यायले वाटलं सण म्हंजे केक. वाढदिवसाले केक, नाताळाले केक, पोरगं पास झालं तं केक. अन् ते प्रेमानंच आनलं होतं हो, वर्गणी करून. आजीचा चेहरा कापडासारखा झाला. आठ दिवस एक कन नाई राहू देला त्या घरात, अन् टेबलाच्या मधोमध दोन किलो मैदा. पन तिचा आवाज चढला नाई. म्हने, "बाळ, हे बाहेर ठेव. समोर, रुखमाबाईच्या ओट्यावर ठेव."

पुष्पांजलीताई गोड हासून म्हन्ते, "आजी, टेन्शन नका घेऊ, एगलेस हाय!"

मीच उचलून नेला. परत आली तं आजी टेबल फडक्यानं पुसून राह्यली होती, अन् आमच्यातल्या बाया एकमेकीकडं पाहून राह्यल्या होत्या, का एवढं काय झालं.

मंग सगळे बसले, कोनी खाली, कोनी मशीनवर. आजीनं पुस्तक उघडलं. मले बोलावलं, बोटानं ओळ दाखवली. मी इचारलं, आजचा दिवस बाकीच्या दिवसायपेक्षा वेगळा काऊन? अन् आजीनं सांगाले सुरुवात केली. "आम्ही मिसरात गुलाम होतो." ते लोक होते असं नाई. आम्ही होतो. जसं काई ती सोताच परवा तथून आली.

त्या दहा मिन्टात मले एक गोष्ट समजली जे दोन वर्षायच्या संदेशात समजली नोती. का येशूनंबी लहानपनी, असंच घर झाडून पुसून झाल्यावर, असाच प्रश्न इचारला असीन. त्याच्या आईनं त्याले असंच बोटानं ओळ दाखवली असीन. पन मी शब्द देला होता. मी ते नाव पोटातच ठेवलं.

आजीनं तीन रोट्यायतली मधली उचलली, मोडली, अर्धी कापडात गुंडाळून बाजूले ठेवली. ते रीतच हाय. अन् पास्टर उभे राह्यले.

"प्रियांनो, पाहा! तीन रोट्या! पिता, पुत्र, पवित्र आत्मा! आणि मोडली कोणती? मधली! कापडात गुंडाळली, लपवली. कोण आहे हा? कोण आहे?"

आजी शांत म्हने, "पास्टर, मधली मोडतात कारण आशीर्वादाला वर-खाली दोन अख्ख्या लागतात. आणि गरिबाच्या ताटात कायम तुकडाच असतो, त्याची ती आठवण. माझ्या आजोबांनी सांगितलंय."

पास्टर आमच्याकडं वळले. "पाहा! त्यांच्या हातात आहे, पण त्यांना दिसत नाही!"

तवा मले दिसलं, पुष्पांजलीताईचा फोन. सरळ धरेल. लाल टिपका चालू. मी डोळ्यानं नाई नाई केलं, तं ती मलेच बोटानं गप म्हने. तोवर पास्टर आजीच्या मांगं जाऊन उभे. दोन्ही हात तिच्या डोक्यावर. इचारलंबी नाई. "हे प्रभू येशू, हे घराणं तुझं आहे, ही तुझी लेक आहे, हिच्या डोळ्यांवरचा पडदा तू आज काढ!" एकवीस जन घरात, डोळे मिटून, हात वर. "म्हणा आमेन!"

आमेन.

छकुले, मी काय सांगू तुले. तो शब्द आमच्यात इचार करून नाई म्हनत कोनी. चालता चालता ठेच लागली का आई गं निंगते ना, तसाच तो निंगते. पास्टरनं म्हनलं का आपोआप. जन्मापासून. पन मी आजीच्या सगळ्यात जवळ होती. माहंच आमेन सगळ्यायच्या आधी अन् सगळ्यायपेक्षा मोठं निंघालं.

आजीनं मान वळवली अन् माह्याकडं पायलं. पास्टरकडं नाई. माह्याकडं.

मंग तिनं पुस्तक मिटलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हने, "जेवून जा सगळे. आलात तर उपाशी नका जाऊ." अन् जेवले ते! शिरा दोनदा घेतला. एक जन म्हने, "आजी, रोटी जरा वातड हाय, पन चव चांगली." जातानी पाया पडले, "लय आशीर्वादित वाटलं" म्हने. आजीनं सोता एक घास नाई खाल्ला. मी भांडे उचलाले गेली तं म्हने, "राहू दे. तू पण जा."

मी पायरीवरच बसून राह्यली. आत थोड्या वेळानं पुस्तक उघडल्याचा आवाज आला. मंग आजीचा. तिनंच इचारलं, वेगळा काऊन. अन् तिनंच सांगतलं, आम्ही गुलाम होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ. 'यहुदी आजीने येशूला स्वीकारले.' खाली रडक्या इमोज्या, हात जोडेल, झेंडे. दुपारपर्यंत आमच्या सगळ्या ग्रुपवर. मी धावत पास्टरकडं गेली, म्हनलं डिलीट करा, तिनं काईच स्वीकारलं नाई, ती एक शब्दबी बोलली नाई. पास्टर मोबाईल पाहूनच म्हने, "समीक्षा, साक्ष पुसतात का? किती लोकांचा विश्वास वाढतोय बघ." मी म्हनलं, तुमी आदर कराले चाललो म्हनले होते. तं म्हने, "खरं सांगणं हाच आदर." अन् व्हिडिओ थोडा मांगं घेऊन मलेच आयकवला. "हे बघ, सगळ्यात मोठं आमेन तुझंच आहे."

पुष्पांजलीताई म्हने, "अवं, केक तिनं बाहेर ठेवाले लावला तरी आमी मनाले लावून घेतलं का? मंग?"

तवापासून माहं चर्च बंद.

दोन दिवस आजीकडं फोनच्या घंट्या वाजत होत्या. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहो, आतून घंटीचा आवाज येई, वाजे अन् बंद होये, वाजे अन् बंद होये. सणाचे पयले दोन दिवस ती फोनले हात लावत नाई. कोनाचा हाय ते तिले माहीत नोतं. मले माहीत होतं. व्हिडिओ ठान्याले पोचला होता, त्याच्याखाली तिकडच्या लोकायचे सवाल मी वाचले होते.

तिसऱ्या दिवशी तिनं रुखमाबाईच्या नातीले पाठवून मले बोलावलं. मले वाटलं, चला, शिव्या देईन, मारीन, मारू दे. गेली. आजी खुर्चीवर, फोन स्पीकरवर, तिचा ठान्याचा दीर बोलून राह्यला होता. म्हतारा आवाज, चिडेल नाई, थकेल. "वहिनी, इथे सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही घरात त्यांना बोलावलंत, ताटावर बसवलंत, डोक्यावर हात ठेवू दिलात. पंच मला विचारतात. उद्या काही झालं तर दादाच्या शेजारी तुम्हाला जागा द्यायची कशी, असं तोंडावर विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

आजी म्हने, "माझं नका ऐकू. ही होती तिथे. हिला विचारा." अन् फोन माह्याकडं सरकवला.

मी सगळं सांगतलं. एका दमात. काई लपवलं नाई. शब्द देला होता ते, एकवीस आले ते, केक, रोटी, फोन, न इचारता ठेवलेले हात. आजी हो म्हनली नाई, मान हालवली नाई, काईच नाई. अन् माहं आमेनबी सांगतलं. म्हनलं, ते पयलं आमेन हाय ना व्हिडिओत, पोरीचं, ते माहं हाय. तिचं नाई.

तो म्हने, "बरं. मी पंचांना कळवतो. मानतील की नाही, सांगता येत नाही. व्हिडिओ तर आहेच ना." अन् मंग इचारलं, "पण बाळ, तू कोण त्यांची?"

मी आजीकडं पायलं. ती खिडकीतून बाहेर पाहून राह्यली होती.

"गिऱ्हाईक आहे," आजी म्हने. "ब्लाउज शिवायला टाकायची माझ्याकडे."